मर्लच्या पायाखालचं पेडल

मर्ल ब्रॅमिचची पिवळी स्टेशन वॅगन तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजात आली तेव्हा मर्ल ती चालवत नव्हती. तिचा मुलगा ग्रेम चालवत होता आणि मर्ल शेजारच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन पाहुण्यासारखी बसली होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी ती गाडी नवी कोरी आमच्या गावात आली, तेव्हापासून मर्लला त्या सीटवर बसलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ग्रेम माझ्याच वर्गातला. आता होबार्टला शाळेत गणित शिकवतो आणि समोर कुणीही असो, फळ्याशी बोलावं तसा बोलतो. त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आईने शब्द दिलाय. या खेपेलाही गाडीत काही सापडलं नाही, तर सोमवारी सकाळी ती आपल्या पायांनी कचेरीत जाऊन गाडी चालवण्याचा परवाना जमा करणार.

"म्हणजे घरही गेलंच की," मी म्हटलं.

"घर चौदा किलोमीटर वर आहे, लिन. तिथे ना बस जाते ना दुकान आहे. मला काय हौस आहे का?"

त्याने होबार्टला आपल्या घराजवळ एक जागा बघूनही ठेवली होती. एक खोली, एक न्हाणीघर आणि पलंगाशेजारी मदतीला बोलवायचं लाल बटण. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण तोंड उघडायची सोय नव्हती. ब्रेकमध्ये काही दोष नाही असं मीच दोनदा लेखी दिलं होतं, आणि ते दोन्ही कागद त्याने नीट घडी घालून पाकिटात ठेवले होते.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीत मर्ल उताराला एका सफरचंदांच्या टपरीपाशी थांबली, काच खाली करून मालकिणीशी बोलत होती, आणि बोलता बोलता गाडी पुढे सरकून टेबलाला भिडली. चार पेट्या सफरचंदं रस्त्याने गडगडत गेली, लोक हसले, विषय संपला. मार्चमध्ये पोस्टापुढच्या भिंतीला बंपर टेकला. त्या वेळी लोक जरा कमी हसले. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेपुढे, पोरं रस्ता ओलांडत असताना, मर्लची थांबलेली गाडी पांढरी रेघ ओलांडून हातभर पुढे गेली. कुणाला खरचटलंही नाही. पण पोरांसाठी गाड्या थांबवायची पाटी धरून उभ्या असलेल्या बाईने ते पाहिलं, आणि त्या बाईने पाहिलं म्हणजे संध्याकाळपर्यंत बेकरीतल्या पावालाही कळलं.

मर्लचं म्हणणं तिन्ही वेळा एकच होतं. आपण पाय ब्रेकवरच ठेवला होता. पेडल पायाखालून निघून गेलं. मग जोरात दाबलं आणि गाडी थांबली.

आता हे ऐकून कुणाला काय वाटेल? बाई त्र्याऐंशीची. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअरमध्ये उभी असली की ब्रेक सुटताच आपोआप पुढे सरकणारी. लोकांनी हिशोब केला की म्हातारीचं लक्ष उडालं, पाय सैल पडला, दचकून परत दाबला. मलाही तेच वाटलं, कशाला खोटं सांगू? आणि ज्या बाईने एकतीस वर्षं आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवली, तिच्याबद्दल असं वाटावं याचं मला वाईटही वाटलं. ती बस इतकी अलगद थांबवायची की वरच्या वळणावर झोपलेलं पोर शाळेच्या फाटकात येऊनही जागं व्हायचं नाही. हाताने हलवून उठवावं लागायचं. मी त्यातलीच एक.

आता माझ्या गॅरेजाबद्दल. बाहेरच्या पाटीवर 'क्लॅरी फेहली आणि मुलगा' असं लिहिलंय. माझ्या बापाने ती पाटी माझ्या जन्माआधी रंगवून घेतली, मग मी झाले, आणि रंग महाग म्हणून ती तशीच राहिली. आत फरशीवर एक पिवळी रेघ आहे. गिऱ्हाईक रेघेच्या पलीकडे, गाडी आणि मी अलीकडे. हल्ली सगळ्याच गॅरेजांत विमावाले अशी रेघ मारायला लावतात, पण आमची त्याच्याही आधीची. बाप म्हणायचा, गाडीचं दुखणं गाडीला विचारावं. मालकाला विचारलं तर तो स्वतःचं दुखणं सांगत बसतो. हे वाक्य मी जन्मभर पाळलं. वीस मिनिटं नवऱ्याबद्दल बोलून शेवटी 'आणि हो, क्लच पण जड झालाय' म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे बाप चुकला असं मला कधी वाटलं नाही.

ब्रेक तपासायची रीतही बापाचीच. पुढे लोखंडी टोपी असलेला बूट घालायचा, पेडलवर सगळा भार टाकायचा आणि तीस आकडे मोजायचे. पेडल दगडासारखं जागच्या जागी राहिलं तर ब्रेक शाबूत.

पहिल्या खेपेला पेडल खरंच खाली होतं. दोनदा पटापट दाबलं की वर यायचं. याचा अर्थ न्हाव्याच्या पोरालाही कळावा: मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर, म्हणजे आतून घासून चाक धरणारे पट्टे, झिजून ड्रमपासून लांब गेलेत, त्यामुळे पेडलची अर्धी चाल ते अंतर तोडण्यातच जाते. मी चाकं काढली, लायनर ड्रमला हलके घासतील इतपत जवळ घेतले, पेडल तीन बोटं वर आलं. बूट, भार, तीस आकडे. दगड. कागद लिहून दिला.

दुसऱ्या खेपेला पेडल किंचित मऊ लागलं, स्पंजसारखं. ते हवेचं लक्षण. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. ब्रेकचं तेल काढलं तर उकळलेल्या चहासारखं काळं. नवीन भरलं, चारही चाकांतून हवा काढली, रबरी नळ्या चिरल्या होत्या त्या बदलल्या. पुन्हा बूट, भार, तीस आकडे. पुन्हा दगड. त्या दिवशी मर्ल रेघेपलीकडून म्हणाली होती, "लिनी, ते मऊ नाहीये गं. ते हळूच निघून जातं. उशी ओढून घ्यावी तसं." मी म्हटलं, हो हो मर्ल, बघते. आणि दुसरा कागद लिहून दिला.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी अख्खा दिवस दिला. शुक्रवार होता, बाकीच्या दोन गाड्या बाहेर काढल्या. ग्रेम कोपऱ्यात खुर्चीवर वह्या तपासत बसला आणि मर्ल दारातल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. विणकाम आणलं होतं, पण पिशवीतून काढलं नाही.

मी चारही चाकं उतरवली. मागच्या ड्रममधले सिलिंडर कोरडे होते, पुढची चाकं चिमटून धरणारे कॅलिपर कोरडे. पुढून मागे जाणारी तेलाची नळी बोटांनी चाचपत गेले. गंज होता, ओल नव्हती. ब्रेकचं तेल साठवणाऱ्या बाटलीवर मागच्या वेळी मी पेनने खूण केली होती, तेल त्या खुणेवरच होतं. एक थेंब कमी नाही. गळती कुठे असती तर तेल उतरलं असतं, साधा हिशोब. रबरी नळ्या एकेक करून चिमट्याने बंद करून पाहिल्या. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर तपासला. मग गाडीत बसले, बूट पेडलवर ठेवला आणि तीस नाही, साठ आकडे मोजले. पेडल जिथल्या तिथे. मला ते हलायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात गाडी बिघडलेली असावी म्हणून देवाचा धावा करायची ही पहिलीच वेळ.

चार वाजता मी हात पुसले आणि बाकापाशी गेले.

"काही नाही, मर्ल."

"सगळं बघितलंस?"

"सगळं."

"मग माझंच असणार," ती म्हणाली. वाद नाही, रडणं नाही. पर्सची कडी उघडून तिने परवाना बाहेर काढला, त्यावरचा स्वतःचा फोटो थोडा वेळ बघितला आणि परत आत ठेवला. ग्रेमने वह्या गोळा केल्या. तो खूश झाला होता असं मी म्हणणार नाही. दात उपटून झाल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

मग मर्लने विचारलं की घरापर्यंत आज आपण गाडी चालवली तर चालेल का. शेवटची. ग्रेम नाहीच म्हणणार होता. मी मध्ये पडले. म्हटलं, मी शेजारी बसते, हातब्रेक माझ्या हातात राहील. तू माझा पिकअप घेऊन मागून ये, तोच घेऊन मी परत येईन. दया आली म्हणून म्हटलं. हुशारी केली असं कुणी समजू नये.

तर असे आम्ही निघालो. मी तिच्या डाव्या हाताला, मागे पिकअपमध्ये ग्रेम. बागांमध्ये सफरचंदांची तोडणी चालू होती, शिड्या झाडांना लावलेल्या, ट्रॅक्टर मध्येच रस्त्यावर यायचे. मर्लने एकेक ट्रॅक्टर असा सांभाळला की मला चूक काढायला जागा नव्हती. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात पाय स्थिर, आरशात नजर. मी मनात म्हणत होते, ही बाई कुठून म्हातारी झाली?

डॉसन्सच्या वळणाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडत होते. पुढे दुधाचा टँकर थांबला, त्यामागे आम्ही, हलक्या उताराला. मर्लने गाडी थांबवली ती कधी थांबली ते मला कळलंसुद्धा नाही, इतकं ते हळू. थांबा लिहिलेली पाटी धरून एक माणूस कंटाळून उभा होता. मर्ल म्हणाली की हा टोनकिनांचा धाकटा, बसमध्ये नेहमी चालकाच्या मागच्या सीटवर बसायचा आणि तिच्या मानेत फुंकर मारायचा. मी हसले. हसता हसता मला टँकरची मागची शिडी दिसली आणि ती मोठी होत चालली होती.

माझा हात हातब्रेकवर गेला. "मर्ल, पाय."

"पाय आहे," ती म्हणाली. ती समोर बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बघ ना. बघ तू."

मी खाली पाहिलं. तपकिरी सपाट बूट, बरोबर पेडलच्या मधोमध. पाय सुटला नव्हता, घसरला नव्हता, सैलही पडला नव्हता. आणि त्या पायाखाली पेडल खाली चाललं होतं. सावकाश, एकसारखं, काही आवाज न करता. मी हातब्रेक ओढला. शिडी काचेपासून दोन हातांवर थांबली.

ग्रेमने मागून पाहिलं ते एवढंच की थांबलेली गाडी पुन्हा चालू लागली. तो पिकअपचं दार उघडं टाकून धावत आला आणि मर्लच्या खिडकीपाशी वाकला.

"बास, आई. आता बास. ब्रेक, ब्रेक, ब्रेक! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात लोक तुला, आणि ते मला ऐकून घ्यावं लागतं."

इतक्या वर्षांत मी ग्रेमवर कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. त्याला म्हटलं तोंड बंद ठेव आणि दोन मिनिटं उभा राहा. मर्लला गाडीतून उतरवलं, स्वतः चालकाच्या सीटवर बसले, इंजिन चालू ठेवलं. बूट पेडलवर आपटला. दगड. सोडला, पुन्हा आपटला. दगड. एका घटकेपुरतं मलाच वाटलं की मघाशी डोळ्यांनी पाहिलं ते खोटं.

मग मी बूट काढला.

मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर, आणि टोनकिनांचा धाकटा पाटी घेऊन मजा बघत होता. मी पाय पेडलवर ठेवला आणि जेमतेम दाबला. झोपलेल्या पोरांची बस थांबवावी इतपतच. एक, दोन, तीन. चौथ्या आकड्याला पेडल हललं. दहापर्यंत ते तळाला टेकायला आलं होतं.

मला सगळं एका क्षणात कळलं आणि कळल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. पेडलच्या पुढे इंजिनाच्या कप्प्यात मास्टर सिलिंडर असतो, म्हणजे एक नळकांडं, त्यात तेल पुढे ढकलणारा रबरी कप. कप जुना झाला की त्याची कड ढिली पडते. पेडलवर दणका दिला तर तेलाच्या जोराने तीच कड फाकून नळकांड्याला घट्ट बसते आणि पेडल दगड होतं. हलक्या पायाने दाबलं तर कड फाकत नाही. मग तेल तिच्या बाजूने गुपचूप मागे सरकतं आणि आपल्याच बाटलीत परत जातं. बाहेर थेंब नाही, खुणेत फरक नाही. हे मला एकोणिसाव्या वर्षापासून माहीत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या गॅरेजात त्या गाडीचा ब्रेक तीन खेपांत शंभरदा तरी दाबला गेला असेल, पण मर्ल दाबते तसा एकदाही नाही. तिला रेघेच्या अलीकडे बोलावून 'कसा दाबता ते दाखवा' असं म्हणायचं मला सुचलं नव्हतं.

मी उतरले आणि ग्रेमला म्हटलं, "बूट काढ आणि बस."

"लिन, मागे गाड्यांची रांग लागलीय."

"लागू दे. काढ बूट."

तो बसला. मी बाहेरून सांगितलं की आई दाबते तसा दाब. तो म्हणाला मला काय माहीत आई कसा दाबते. मी म्हटलं, बारा वर्षं तिच्या बसमधून आलास, आठव. त्याने पाय ठेवला. मी त्याच्या पायाकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते. पेडल खाली जाताना त्याचं तोंड उघडलं. त्याने पाय उचलून पुन्हा तेच केलं, आणि मग तिसऱ्यांदा, गणित मास्तर ताळा करून बघतो तसं. टँकर निघून गेला होता. टोनकिनांचा धाकटा 'सावकाश' लिहिलेली बाजू आमच्याकडे करून नुसता हलवत होता. मागून भोंगे वाजत होते. ग्रेम दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला.

"आई," तो म्हणाला.

मर्ल रस्त्याच्या कडेला उभी होती. "पाय झटक आणि मग बूट घाल," ती म्हणाली. "खाली खडी आहे."

मग ती वळून गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि टपावर हात ठेवून उभी राहिली. खांदे हलत होते. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी नव्हते. लिनी, मी नव्हते गं." असं ती चार-पाच वेळा म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेलकट होता, तिच्या स्वेटरवर डाग पडला, तो अजून असेल.

गाडी तिथून ओढून आणली. नवा मास्टर सिलिंडर मेलबर्नहून बोटीने आमच्या बेटावर यायला बुधवार उजाडला. मधल्या सोमवारी कचेरीत कुणी गेलं नाही. मी मात्र बेकरीत गेले, ऐन गर्दीच्या वेळी, शाळेपुढची पाटीवाली बाई रांगेत होती तेव्हा. तिच्या मागे उभी राहून मी मोठ्याने सांगितलं की ब्रॅमिचबाईंच्या गाडीचा ब्रेक आतून गेला होता आणि तो तीनदा तपासूनही मला सापडला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण सगळ्यांनी, आणि दोर मी पुरवला. पाटीवाली बाई पावाचे भाव वाचत राहिली.

जुना सिलिंडर उघडला तेव्हा आतला कप बोटाने सहज वाकला. नवीन बसवला, हवा काढली आणि बूट काढून, इंजिन चालू ठेवून, गॅरेजाच्या मधोमध त्या गाडीत बसले. अगदी अलगद पाय ठेवला आणि दोनशे आकडे मोजले. पेडल केसभरही हललं नाही. दोनशेनंतर आणखी शंभर मोजले. कारण काही नव्हतं, उठवेना.

मर्ल न्यायला आली ती शेजाऱ्याच्या गाडीतून. ग्रेम येतो म्हणत होता, तिने नको सांगितलं. येताना तिने पिठाच्या पारीत शिंपल्यांचं मांस भरून भाजून आणलं होतं, अजून गरम होतं. मी तिला रेघेच्या अलीकडे बोलावलं, गाडीत बसवलं आणि म्हटलं हवा तितका वेळ दाबून बघा. तिने बराच वेळ दाबून बघितलं.

"मर्ल, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही तीनदा सांगितलंत. मी ऐकलं नाही."

"ऐकलंस तू. खरं धरलं नाहीस." ती रागावून बोलत नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. "तुला काय बोलू? मीही तेच केलं. पोस्टाची भिंत झाली ना, त्यानंतर रोज सकाळी चहाचं पाणी ठेवायचे आणि अंगणात गाडीत जाऊन बसायचे. गाडी बंद. नुसता पाय उचलायचा, ठेवायचा. उचलायचा, ठेवायचा. तारीख म्हणायचे, वार म्हणायचे. मग तुमची नावं म्हणायचे, बसमध्ये बसायचात त्या क्रमाने, पुढून मागे. सगळी यायची. एक चुकायचं नाही."

"मग?"

"मग काय. म्हणायचे, पण लिनी म्हणते ब्रेकला काही झालेलं नाही. आणि लिनीला कळतं."

तिने माझ्या गालावर चापटी मारली, लहानपणी उठवताना मारायची तशी, आणि आणलंय ते थंड व्हायच्या आत खा म्हणाली. मग गाडी मागे घेतली, वळवली आणि फाटकाकडे निघाली. मी दारात उभी राहिले. परवाना तिच्या पर्समध्ये होता, घर तिचं होतं, ब्रेक शाबूत होता. माझं काम झालं होतं आणि ते चांगलं झालं होतं.

फाटकापाशी मोठ्या रस्त्यावर निघण्याआधी थांबावं लागतं. डावीकडून लाकडांचा ट्रक येत होता. मर्लने वेग कमी केला, आणि मागचे लाल दिवे लागायच्या जरा आधी तिचं डोकं खाली गेलं. मला वाटलं काही पडलं असेल. मग गाडी थांबली, जागच्या जागी, एक इंच न हलता, आणि तिचं डोकं पुन्हा खाली गेलं. ती आपला पाय बघत होती. पाय पेडलवर आहे का, ते बघत होती.

बारा वर्षं तिने आम्हाला शाळेत नेलं, त्या वर्षांत तिची नजर रस्त्यावरून ढळलेली मला आठवत नाही. ही सवय तिला ब्रेकने लावली नव्हती. ती मी लावली होती, दोन कागद लिहून, आणि तिसऱ्यांदा तोंडाने. मला हाक मारायची होती. पण हाक मारून सांगणार काय होते? माझ्यावर विश्वास ठेवा म्हणून?

ट्रक गेला. मर्लने आणखी एकदा खाली बघितलं आणि मग गाडी रस्त्यावर घेतली.